चार वर्षांच्या पायांना झेपेल अशी हिमनदी

मी कराडला ३१ वर्षं भूगोल शिकवला. 'हिमनदीचे कार्य' हा पाठ आला की फळ्यावर दर वर्षी तीच आकृती काढायची: वर हिमगव्हर म्हणजे बर्फाने कोरलेला वाटीसारखा खोलगा, खाली 'यू' आकाराची दरी, बाजूला उंचावर लोंबती दरी, टोकाला हिमोढाचा, म्हणजे हिमनदीने आणलेल्या दगडगोट्यांचा ढीग. मुलं विचारायची, "बाई, तुम्ही पाहिलीय का हो हिमनदी?" पाहिली नव्हती. जून २०२५मध्ये लेकीकडे सिएटलला गेले, तेव्हा तिने आणि जावयांनी अलास्काची सात दिवसांची क्रूझ ठरवली होती. वयाच्या ६६व्या वर्षी मी दोन हिमनद्या डोळ्यांनी पाहिल्या. सोबत सात वर्षांची थोरली नात आणि नुकतीच चार पूर्ण झालेला धाकटा नातू.

जहाजाबद्दल मी फारसं लिहिणार नाही. खोली, जेवण, पोहण्याचा तलाव सगळं चांगलं होतं आणि त्यावर सांगणारे पुष्कळ आहेत. मला लिहायचंय ते हिमनदीच्या सहलींबद्दल. क्रूझचं तिकीट काढलं म्हणजे हिमनदी जवळून पाहून झाली असं नसतं. बंदरात उतरल्यावरच्या सहली वेगळ्या, त्यांचे पैसे वेगळे, आणि अलास्कात हे पैसे थोडेथोडके नाहीत. त्यात लहान मुलं बरोबर असली की निवड चुकायला फार वेळ लागत नाही. सहलींची जाहिरात मोठ्या माणसांच्या डोळ्यांसाठी केलेली असते. फोटोत निळा बर्फ दिसतो, पण चौथ्या तासाला कंटाळून जमिनीवर बसलेलं पोर कुठल्याच फोटोत नसतं.

ठरवाठरवी मार्चमध्ये झाली. मी अजून कराडलाच होते. लेकीने व्हिडिओ कॉलवर यादी वाचून दाखवली. हेलिकॉप्टरने हिमनदीवर उतरून चालायचं. हेलिकॉप्टरने वर जाऊन कुत्र्यांच्या घसरगाडीत बसायचं. मोठ्या जहाजातून छोट्या बोटीत उतरून हिमनदीच्या तोंडाशी जायचं. देवमासे आणि हिमनदी एकाच दिवसात, जोडसहल. शेवटी बसने जाऊन, पायी फिरून परत यायचं. जावयांचं मन हेलिकॉप्टरवर, लेकीचं बोटीवर.

मी आठवीच्या सहली नेऊन नेऊन तयार झालेली बाई आहे. प्रतापगड, महाबळेश्वर, कोयना धरण, एसटीच्या गाडीत पन्नास-पन्नास पोरं. सहल ठरवताना मी आधी तीन गोष्टी विचारायची: लघवीची सोय किती अंतरावर आहे, मधेच परत फिरायचं झालं तर फिरता येतं का, आणि तिथे पोराच्या हाताला काय लागणार आहे. नुसतं बघायचं असेल तर मूल दहा मिनिटं बघतं. हात लावता आला, उचलता आलं, उड्या मारता आल्या तर दोन तास रमतं. हे तीन प्रश्न मी प्रत्येक सहलीला लावायला सांगितले. आज परत आल्यावर सांगते, अलास्कालाही ते तंतोतंत लागू पडले.

हेलिकॉप्टर आधी घेते, कारण जास्त घोळ त्याच्यातच झाला. माणशी चारशे डॉलरच्या वरचा आकडा. लेकीने फोन करून विचारलं तेव्हा कळलं की चालायच्या सहलीत बुटांवरून दुसरे दातेरी बूट चढवतात आणि त्यातला सर्वांत लहान जोडसुद्धा धाकट्याच्या पायाला मोठाच होईल. वयाची अट कंपनीगणिक वेगळी असते, ती बारीक अक्षरांत असते, आणि जहाजावरच्या बुकिंगच्या टेबलावर बसलेल्या माणसाला ती माहीत असेलच असं नाही. आम्हाला त्या टेबलावर "सगळ्यांना चालतं" असं सांगितलं गेलं होतं. खुद्द हेलिकॉप्टरवाल्यांना फोन केल्यावर उत्तर वेगळं आलं. म्हणून सांगते, जी कंपनी प्रत्यक्ष सहल नेते तिलाच विचारा. प्रत्येकाचं वजनही काट्यावर करतात, कपड्यांसकट, आणि ठरावीक वजनापुढे जास्तीचे पैसे घेतात. हे आधी माहीत असलं की धक्क्यावर कुणाला ओशाळं व्हायला होत नाही.

मग असं ठरलं की जावई, लेक आणि थोरली हेलिकॉप्टरने जातील, मी धाकट्याला घेऊन बसने मेंडेनहॉल हिमनदी पाहायला जाईन. अलास्कातल्या जुनो बंदरात सकाळी उतरलो तर ढग इतके खाली आलेले की गावामागच्या डोंगराचा माथाच दिसेना. धक्क्यावर पाऊण तास थांबल्यावर सांगितलं गेलं, आज उड्डाण नाही. पैसे पूर्ण परत मिळाले, त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार आहे ती त्या पाऊण तासाची. थोरली तीन महिने शाळेत सगळ्यांना सांगत होती की मी हेलिकॉप्टरमधून बर्फावर उतरणार आहे. ती रडली नाही, पण ओठ घट्ट मिटून उभी राहिली, ते मला जास्त लागलं. अलास्काचा हा भाग म्हणजे पावसाचं जंगल आहे; ढगांमुळे उड्डाणं रद्द होणं तिथे नेहमीचंच. लहान मुलांना हेलिकॉप्टरची गोष्ट आधीपासून सांगून ठेवू नका. झालं तर आनंद, नाही झालं तर त्यांच्या मनात काही मोडणार नाही.

अशा रीतीने आम्ही पाचही जण बसच्या रांगेत उभे राहिलो. बंदरावरूनच बस सुटतात, जाऊन-येऊन माणशी पन्नासेक डॉलर. परतीच्या बसला वेळेचं बंधन नव्हतं, मागून येणाऱ्या कुठल्याही फेरीने या. माझ्या मते त्या दिवशीचं सर्वांत मोठं सुख हेच. गावापासून हिमनदी वीस किलोमीटरवर, अर्ध्या तासात पोहोचलो.

मेंडेनहॉलला अमेरिकेच्या वनखात्याचं माहिती केंद्र आहे, १९६२ साली उघडलेलं. वनखात्याचं देशातलं हे पहिलंच माहिती केंद्र. उंच काचांतून समोर तळं, तळ्यापलीकडे हिमनदी. आत स्वच्छतागृह, बसायला जागा, उबारा. माझ्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर तिथेच मिळालं. आत जायला मोठ्यांना पाच डॉलर, १५ वर्षांपर्यंतच्या मुलांना काही नाही.

हिमनदी सुमारे २१ किलोमीटर लांब आहे. ती ज्या हिमक्षेत्रातून उतरते ते जुनो हिमक्षेत्र १५०० चौरस मैलांचं, म्हणजे आमच्या सातारा जिल्ह्याच्या एक तृतीयांशापेक्षाही मोठं. तेवढा सगळा प्रदेश नुसता बर्फ. हे मी थोरलीला सांगत होते, तर तिने विचारलं, "आजी, नदी म्हणतेस ना? मग वाहत का नाही?" वाहते गं, म्हटलं, पण इतकी सावकाश की आपल्या डोळ्यांना कळत नाही. वर पडलेला बर्फ इथे खाली तळ्यापर्यंत यायला दोनशे ते अडीचशे वर्षं लागतात. आज जो तुकडा समोर दिसतोय तो बर्फ पडला तेव्हा आपल्याकडे पेशवाई चालू होती. तिला पेशवाई नीट कळत नाही, पण अडीचशे वर्षं कळली.

केंद्राच्या आसपास खडक उघडे आहेत. मी तिथे थबकले. खडक वरून गुळगुळीत, आणि त्यावर एकाच दिशेने गेलेल्या समांतर रेघा. मी ३१ वर्षं फळ्यावर सांगत आले होते की हिमनदी आपल्या तळाशी अडकलेल्या दगडांनी खालचा खडक खरवडत जाते. ते हे. मी खाली बसले आणि एका रेघेत बोट घातलं. करंगळी अर्धी बसेल इतकी खोल, कडा बोथट झालेल्या, आत पावसाचं पाणी साठलेलं. थोरलीने शेजारच्या रेघेत बोट घातलं. धाकट्याने खिशातून छोटी लाल मोटार काढली आणि त्या खोबणीतून ती चालवायला लागला. त्याला तो रस्ता वाटला. रेघ जिकडे जाते तिकडे मोटार, आणि ती जिकडे जाते तिकडेच एके काळी बर्फ गेलेला. वीस मिनिटं आम्ही त्या एका खडकावर होतो. जावई घड्याळ बघत होते, मी म्हटलं, बघू नका, बस पुन्हा येते.

तिथून दोन वाटा मुलांसाठी चांगल्या आहेत. एक फोटो पॉइंटची, अगदी छोटी आणि सपाट, बाबागाडी आणि चाकांची खुर्चीही जाते. गुडघेदुखी असलेल्या आजी-आजोबांनी ही नक्की करावी. दुसरी नगेट धबधब्याची, जाऊन-येऊन सव्वातीन किलोमीटर, जवळजवळ सपाट, खडीची. धाकटा जाताना पूर्ण चालला, येताना अर्धी वाट बापाच्या खांद्यावर. मी हळूहळू चालत, फोटो काढत, दीड तासात करून आले. धबधबा ३७७ फुटांचा आहे आणि त्याचा फवारा बऱ्याच लांबूनच तोंडावर येतो. मुलांना पावसाची पँट घालाच, नुसतं जॅकेट पुरत नाही.

धबधब्याच्या पायथ्याशी वाळूचा किनारा आहे. तिथे हिमनदीचे सुटलेले तुकडे तरंगत येऊन लागतात. थोरलीने नारळाएवढा एक तुकडा उचलला. आपल्या फ्रिजमधल्या बर्फासारखा पांढरट नव्हता, काचेसारखा आरपार, आत सुईच्या टोकाएवढे बुडबुडे. मी तिला म्हटलं, कानाला लाव. तिने लावला आणि तिचे डोळे मोठे झाले. मीही ऐकलं. आतून बारीक तडतड येत होती, तव्यावर मोहरी टाकल्यावर झाकणाखालून यावी तशी, पण त्याहून कितीतरी हळू. बर्फ साचताना आत दाबून कोंडलेली हवा वितळताना फुटून बाहेर येते, तिचा तो आवाज. धाकट्याने तुकडा हातात घेतला, कानाला लावला, आणि मग जिभेलाही लावला. लेक ओरडणार होती, मी तिला खुणेने थांबवलं.

हेलिकॉप्टरने थोरलीला जे मिळणार होतं त्याहून हे कमी होतं असं मला वाटत नाही. तिला स्वतःलाही वाटलं नाही. परतीच्या बसमध्ये ती हेलिकॉप्टरचं नावही न काढता तडतडीबद्दल बोलत होती.

एक अडचण मात्र आधी माहीत असू द्या. अस्वलांचा प्रदेश असल्यामुळे तिथल्या पायवाटांवर पाण्याशिवाय काहीही खायला-प्यायला मनाई आहे. माझ्या पिशवीत भडंग, खाकरे आणि लाडवांचा डबा. धाकट्याला चालून भूक लागली, आणि पिशवी उघडता येईना. वनखात्याच्या मुलीने फार नम्रपणे समजावलं: माणसाच्या खाण्याची चटक लागलेलं अस्वल शेवटी मारावं लागतं. हे ऐकल्यावर मी डब्याला हात लावला नाही. पण चार वर्षांच्या मुलाला हे कसं सांगणार? बंदरावर, बसमध्ये चढण्याआधीच मुलांना भरपेट खाऊ घाला. स्टीप क्रीकच्या लाकडी वाटेवर जुलैच्या मध्यापासून सामन मासे येतात आणि त्यांच्या मागे काळी अस्वलं. आम्ही जूनमध्ये होतो, त्यामुळे मासे नाहीत, अस्वलही नाही. पण झाडावर चढलेलं साळिंदर दिसलं. आपल्याकडचं साळिंदर झाडावर चढत नाही, हे तिथलं वेगळं. धाकट्याला अख्ख्या अलास्कातलं हेच सर्वांत जास्त आवडलं असं तो आजही सांगतो.

जोडसहलीबद्दल सांगून टाकते. देवमासे आणि मेंडेनहॉल एकाच दिवसात, ही फार खपणारी सहल आहे. बहुतेक जोडसहलींत हिमनदीपाशी तासभर किंवा त्याहूनही कमी वेळ मिळतो. तेवढ्यात नगेटची वाट होत नाही. मूल खडकावर रमलं की उठवावं लागतं. देवमासे पाहायचेच असतील तर ते वेगळे पाहा, दोन्हींचे पैसे जवळपास तेवढेच पडतात.

आणि ऑगस्टात जाणार असाल तर बातम्या बघून जा. मेंडेनहॉलच्या बाजूच्या एका खोलगट जागेत उन्हाळ्यात वितळलेलं पाणी साठतं, हिमनदीचा बर्फच त्याला बांध घालून असतो, आणि २०११पासून ते पाणी बर्फाखालून एकदम सुटून खाली येतं. २०२३, २०२४ आणि २०२५, लागोपाठ तिन्ही ऑगस्टांत मेंडेनहॉल नदीला त्याचा मोठा पूर आला, घरांत पाणी शिरलं. कृष्णेचा पूर पाहिलेल्या माणसाला त्याचं महत्त्व वेगळं सांगायला नको.

दुसऱ्या दिवशी स्कॅगवे बंदर. तिथे आम्ही हिमनदीचा नाद सोडला आणि व्हाइट पासची जुनी अरुंद मार्गाची रेल्वे धरली. १८९८ ते १९०० या काळात, सोनं शोधायला निघालेल्या लोकांसाठी बांधलेली. खिडकीतून दऱ्या, बोगदे, लाकडी पूल; पोरं खूश, मी बसून. डब्यात स्वच्छतागृह आहे. शाळेच्या सहलीला मी ही रेल्वे डोळे मिटून निवडली असती.

आता बोट. पाचव्या दिवशी पहाटे जहाज एंडिकॉट आर्म नावाच्या फियॉर्डमध्ये शिरलं. फियॉर्ड म्हणजे हिमनदीने कोरलेली दरी, जिच्यात नंतर समुद्र आला. सुमारे ३० मैल लांब, दोन्ही बाजूंना उभे कडे, कड्यांवरून धबधबे, आणि शेवटाला डॉज हिमनदी. मोठं जहाज थेट तोंडापाशी जात नाही. पाण्यात बर्फाचे तुकडे असतात, वळायला जागा लागते, त्यामुळे कप्तान ठरवेल तिथून मागे फिरावं लागतं. त्यासाठी ही वेगळी सहल: जहाजाला लागून दुसरी छोटी कॅटमरान बोट येते, तिच्यात उतरायचं आणि पुढे जायचं. माणशी तीनशे डॉलरच्या आत-बाहेर, पाच तास.

लेक, जावई आणि थोरली बोटीने गेले. मी धाकट्याला घेऊन जहाजावर. हा माझाच निर्णय होता आणि त्याचं मला आजही समाधान आहे. आम्ही दोघं वरच्या डेकवर, घोंगडीत गुंडाळलेले, हातात गरम चॉकलेट. माझ्याकडे लेकीची दुर्बीण. जूनमध्ये सील माद्या तरंगत्या बर्फावर पिल्लं देतात. दुर्बिणीतून एका सपाट तुकड्यावर आई आणि तिला चिकटून पिल्लू दिसलं. धाकट्याला दुर्बिणीतून बघता येत नव्हतं, तो सारखा उलट बाजूने बघायचा. शेवटी नुसत्या डोळ्यांनी एक काळा ठिपका दाखवला, तो हलला, आणि त्याला पटलं. चाळीस मिनिटांनी त्याला थंडी वाजली, भूक लागली, मग झोप आली, सगळं एकदम. आम्ही आत गेलो, त्याने पॅनकेक खाल्ला, खोलीत जाऊन झोपला. बाल्कनीतून मी कडे बघत बसले. लांबून अधूनमधून ढग गडगडल्यासारखा आवाज यायचा, आकाशात ढग नसताना. हिमनदीच्या तोंडाचे कडे कोसळून पाण्यात पडतात तो आवाज. तिथले मूळ रहिवासी, त्लिंगिट लोक, त्याला पांढरा गडगडाट म्हणतात.

बोटीवरच्या तिघांनी तोच आवाज जवळून ऐकला. कराडला वीज चमकली की मी नातीला सेकंद मोजायला शिकवलं होतं, तीन सेकंदांना एक किलोमीटर. तिने बोटीवरून बर्फाचा कडा निसटताना पाहिला आणि मोजायला लागली. "आजी, मी दोन म्हटलं आणि धडाम्!" म्हणजे पाऊण किलोमीटरपेक्षा थोडं कमी अंतर. बोट फार जवळ नेत नाहीत, आणि नेऊही नये. कडा पडला की लाट येते. लेकीने काढलेल्या फोटोत हिमनदीच्या अंगावर मधोमध काळा पट्टा दिसत होता. मी थोरलीला खोलीतल्या कागदावर काढून दाखवलं: दोन हिमनद्या एकत्र आल्या की दोघींच्या कडेचे दगडगोटे मधे एक होतात, त्याला मध्य हिमोढ म्हणायचं. आपल्या प्रीतिसंगमावर कृष्णा आणि कोयना समोरासमोर येऊन भेटतात ना, तशाच या दोघी, फक्त यांच्या भेटीची रेघ पुसली जात नाही.

बोट उत्तम होती, हे तिघंही म्हणतात. आत गरम बसायची जागा, स्वच्छतागृह, बाहेर उभं राहायला मोकळा डेक. पण पाच तास ती सोडून कुठे जाता येत नाही, माझा दुसरा प्रश्न तिथे नापास होतो. त्यांच्या बोटीवर अडीच-तीन वर्षांची दोन मुलं होती. लेक म्हणाली, हिमनदीसमोर पोहोचलो तेव्हा दोघंही आत झोपलेली आणि त्यांच्या आया आळीपाळीने बाहेर येत होत्या. तीनशे डॉलर आणि झोप. सात वर्षांच्या मुलीसाठी मी हे पैसे पुन्हा खर्च करीन. चार वर्षांच्यासाठी नाही.

त्याच उन्हाळ्यात एक गोष्ट घडली ती सांगायला हवी. एंडिकॉटच्या शेजारी ट्रेसी आर्म नावाचं तसंच दुसरं फियॉर्ड आहे, सॉयर हिमनद्यांचं. कित्येक वर्षं क्रूझवाले तिथेही नेत असत. आम्ही परत आल्यावर, १० ऑगस्ट २०२५ला, ट्रेसी आर्ममध्ये डोंगराचा मोठा कडा पाण्यात कोसळला आणि प्रचंड लाट उसळली. त्यानंतर बऱ्याच कंपन्यांनी २०२६च्या फेऱ्या एंडिकॉटकडे वळवल्या. जुन्या फोटोंवर आणि जुन्या अनुभवांवर जाऊ नका, तुमच्या तिकिटावर कुठलं फियॉर्ड लिहिलंय ते नीट वाचा.

खरं तर लहान मुलांच्या आईबापांनी सहलींच्या आधी जहाजाचा मार्गच बघून घ्यावा असं माझं मत झालंय. काही जहाजं ग्लेशियर बे राष्ट्रीय उद्यानात जातात. तिथे दिवसाला दोनच क्रूझ जहाजांना परवानगी असते, उद्यानाचे रेंजर जहाजावर येऊन माहिती सांगतात, मुलांसाठी ज्युनिअर रेंजरचा उपक्रम असतो, आणि अख्खा दिवस जहाजावरूनच बघायचं असतं. वेगळी सहल नाही, वेगळे पैसे नाहीत, खोली आणि जेवण दोन मिनिटांवर. भूगोलाच्या दृष्टीनेही ती जागा विलक्षण आहे. १७५०च्या सुमाराला अख्खी खाडी बर्फाने भरलेली होती. १८७९मध्ये निसर्गअभ्यासक जॉन म्यूर तिथे पोहोचले तेव्हा बर्फ ४० मैलांहून जास्त मागे सरला होता, आज तो ६५ मैल मागे आहे. दुसरी निवड हबर्ड हिमनदी, ७६ मैल लांब, आणि इतर बहुतेक हिमनद्या मागे हटत असताना पुढे सरकणारी. १९८६ आणि २००२मध्ये तिने शेजारच्या रसेल फियॉर्डचं तोंडच बंद केलं होतं. मुलं चारच्या आतली असतील तर मी ग्लेशियर बेचं जहाज घेईन आणि जुनोला मेंडेनहॉल करीन. एवढं पुरे.

व्हिसाचं: सिएटलहून सुटणारी बहुतेक जहाजं वाटेत कॅनडातल्या व्हिक्टोरियाला थांबतात. भारतीय पासपोर्टवर आलेल्या आजी-आजोबांना अमेरिकेच्या व्हिसाबरोबर कॅनडाचाही व्हिसा लागतो, जहाजातून उतरायचं नसलं तरी. माझ्या व्हिसासाठी लेकीने जानेवारीतच अर्ज केला म्हणून वेळेत आला. अमेरिकेचा व्हिसाही एकापेक्षा जास्त वेळा प्रवेश देणारा असायला हवा, कारण कॅनडाहून तुम्ही पुन्हा अमेरिकेत शिरता.

कपडे: जूनमध्येही बारा-तेरा अंश आणि पाऊस. मुलांना आत लोकरीचं, वर पावसाचं, कानटोपी आणि हातमोज्यांचे दोन जोड, कारण बर्फ उचलल्यावर पहिला जोड ओला होतोच. माझ्यासारखीने गुडघ्याचा पट्टा आणि काठी न्यावी. रात्री साडेदहापर्यंत उजेड असतो, मुलं झोपत नाहीत, खोलीच्या पडद्याला चिमटे लावून घ्या.

जावयांनी हेलिकॉप्टरचे परत आलेले पैसे वेगळे ठेवलेत. थोरली दहा वर्षांची झाली की तिला घेऊन जायचं म्हणतात, फक्त दोघांनी, आणि उड्डाण रद्द झालं तर दुसऱ्या दिवशी पुन्हा प्रयत्न करता यावा म्हणून जहाजाने नाही, विमानाने थेट जुनोला.